तिरफळ घोड्याचा पाय

शिरोडा, मंगळवार

चि. अनुजा हिला बापूकाकाचे आणि जानकीकाकीचे भरघोस आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघे, मांजर आणि विहिरीवरचा पंप असे चौघेही ठीक आहोत (पंप कुरकुरतो, पण त्याचंही आता वय झालं). तू जेवतेस का, झोपतेस का, हे विचारतो आणि या वेळी उत्तराची खरोखर वाट बघतो. सीएची परीक्षा होईपर्यंत तू फोन बंद करून कपाटात टाकलास, म्हणून हे पोस्टाने. पाकीट आणायला गेलो तर पोस्टातल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तरानू, कोण गेलो काय?" हल्ली पत्राचा उपयोग तेवढाच उरलाय.

तर जे सांगायला मी चार दिवस धीर गोळा करतोय ते सांगून टाकतो. तुझा तिरफळ लंगडतोय. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तू मे महिन्यात तुझा टॅब आणि त्यातला तो घोड्यांच्या शर्यतीचा खेळ माझ्या ताब्यात देऊन गेलीस. पाच महिने जपून वाढवलेला घोडा, काकी बांगडा माशाच्या तिखल्यात घालते त्या तिरफळाचं नाव दिलेला. हंगामातली शेवटची मोठी शर्यत या रविवारी होती आणि ती त्याने धावावी एवढीच तुझी इच्छा होती. जाताना म्हणालीस, "काका, रोज एकदाच सराव, आणि दमला की विश्रांती." इतकी सोपी गोष्ट मांजरालाही जमली असती. पण मांजराने एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली नाही.

पडद्यावर चार बटणं. धावणे, चढण, पोहणे आणि विश्रांती. त्यातलं चौथं मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटलं. आयुष्यभर पोटदुखीच्या चिठ्ठ्या वाचल्यावर माणसाला अशी बटणं लांबून ओळखता येतात. मी तिरफळाला सकाळी चढण आणि दुपारी पुन्हा चढण असा कार्यक्रम लावला (संध्याकाळी पोहणे, अंग मोकळं व्हायला). वरची हिरवी पट्टी पिवळी झाली, मग लाल झाली. मला वाटलं, घोडा तापतोय, म्हणजे तयार होतोय. त्याचा हसरा चेहरा पडला तेव्हा त्याला एक गाजर दिलं. काकी मागून बघत होती. "घोड्याक गाजरां कसली घालतास? कुळीथ घाला," म्हणाली. त्या खेळात कुळीथच नाहीत हे कळल्यावर तिच्या मनातून खेळ साफ उतरला, पण घोडा नाही उतरला. "त्येका वायच बसाक तरी द्या," हे ती रोज भांडी घासताना सांगायची, आणि मी रोज न ऐकल्यासारखं करायचो.

शुक्रवारी पडद्यावर सूचना आली, दुखापतीची शक्यता पंचावन्न टक्के. मी म्हटलं, म्हणजे पंचेचाळीस टक्के पास. आपल्या शाळेत पस्तीसला वरच्या वर्गात घालायचे. दाबली चढण. अर्ध्या टेकडीवर तिरफळ खाली बसला तो उठलाच नाही. पायाला पट्टी, सहा आठवडे सक्तीचा आराम (खेळातला आठवडा म्हणजे आपला एक दिवस, तरी शर्यत गेलीच). रविवारी बाकीचे नऊ घोडे धावले. आपली जागा रिकामी होती ती मी बघितली, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

घोडा बसला त्याच शुक्रवारी संध्याकाळी काकी शेजारच्या महादूला घेऊन आली. महादू होडीवाला, पण वाडीत देवाला गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच. सध्या मासेमारी बंद, होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेली, म्हणून मोकळाच होता. त्याने टॅब उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाला, "मास्तरानू, माझी होडी सुद्धा पावसात वर आसता. लाकडाक पण सुकाक व्हया. ह्यो तर घोडो." मग पडवीत नारळ ठेवला, नारळाशेजारी टॅब ठेवला. गाऱ्हाण्यात मालकाचं नाव लागतं, नाहीतर देवाला कळायचं कसं कोणाकडे बघायचं. "घोडो कोणाचो?" महादूने विचारलं. "अनुजाचो," काकी म्हणाली, आणि त्याच्या कानाशी वाकून आणखी काहीतरी बोलली.

मग महादूने जो सूर लावला त्यात घोडा कुठेच नव्हता. "बा देवा म्हाराजा, पुण्यात ऱ्हवणाऱ्या ह्या अनुजा लेकराच्या डोक्याक, झोपेक जी काय इडापीडा झाली आसा, ती दूर कर रे म्हाराजा. आणि तिच्यार कोणी जास्तीचो भार घातलो आसात, तर तेका बुद्धी दी रे म्हाराजा." काकी "व्हय म्हाराजा" म्हणाली ती सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. गाऱ्हाण्याला गप्प बसता येत नाही, त्यामुळे माझ्याच विरुद्ध मलाही "व्हय म्हाराजा" म्हणावं लागलं.

नंतर तिने सांगितलं. तू अभ्यासिकेत चक्कर येऊन पडलीस, तुझ्या आईचा फोन आला होता, आणि बापूला कळू द्यायचं नाही असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत. का, ते मी विचारलं नाही. तुझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलं चौदा तासांचं वेळापत्रक माझ्याच अक्षरात आहे. पट्टीने रेघा मारून केलं होतं, आणि त्यात विश्रांतीचा रकाना मी आखलाच नव्हता. बाय माझे, चुकलं माझं. घोड्याच्या बाबतीत चुकलं ते वेगळं, तुझ्या बाबतीत जास्त चुकलं.

बाकी इकडचं सगळं तू जाणतेसच. माया आहे तशीच आहे, पत्रात मावत नाही एवढंच.

तुझा,
बापूकाका

ता. क. ते वेळापत्रक फाडून टाक आणि आठ दिवस इकडे ये. हे सांगण्यासाठीच एवढं पत्र लिहिलं. पुस्तकं आणलीस तरी चालेल, पण ती पिशवीतच राहतील. काकीने कुळीथ भाजून पिठी दळून ठेवली आहे.

ता. क. २. तिरफळाची काळजी करू नकोस. शुक्रवारपासून टॅब काकीच्या ताब्यात आहे. पट्टी परवा सुटेल. चेहरा हसरा झालाय, पोटही जरा सुटलंय.

ता. क. ३. मी सुधारलो असं समजू नकोस. तुझ्या आठ दिवसांचं वेळापत्रक सोबत जोडलंय. सकाळी झोप, जेवण, दुपारी झोप, समुद्रावर बसणे (उभं राहायचं नाही), जेवण, झोप. अंमलबजावणी कडक होईल, शिट्टी अजून माझ्याकडे आहे. चौथ्या दिवशी रेडीच्या यशवंतगडाची एक छोटीशी चढण ठेवली होती. ती जी खाडाखोड दिसते आहे, ती काकीने केली आहे.