शेगडीच्या वरची भिंत

आई, पुढच्या खोलीत टीव्ही कुठे लावायचा यात आमचे बरेच दिवस गेले. तुला हसू येईल, पण प्रश्न तेवढा सोपा नव्हता. बाबा आता माझ्याजवळ आहेत, म्हणजे खरं तर मीच नवऱ्याला घेऊन तुमच्या घरी राहायला आले आहे, लीड्सच्या त्याच घरात. गेल्या हिवाळ्यात बाबा मागच्या दारात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जिना चढणं संपलं. मग त्यांचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. त्या खोलीत पलंग एकाच भिंतीला लागतो, फायरप्लेसच्या बरोबर समोर. स्ट्रोकनंतर त्यांना उजवीकडचं नीट दिसत नाही, हे तुला सांगायला नको. म्हणजे उजवा कोपरा बाद. डावीकडे पुढे आलेली मोठी बे-विंडो, तिथे दिवसभर पडद्यावर उजेड येणार. नवरा टेप घेऊन खोलीभर फिरला आणि शेवटी फायरप्लेसच्या वर भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "इथेच. दुसरी जागाच नाहीये."

त्याचं बरोबर होतं. तरी माझ्या तोंडून "तिथे नको" एवढंच आलं. का नको, हे मला लगेच सांगता येईना. तो पुण्याहून नोकरीसाठी इथे आला आणि आमची ओळख झाली, तेव्हा बाबा बोलत होते. हळू, अडखळत, पण बोलत होते. त्याआधीचे बाबा त्याने पाहिलेलेच नाहीत. आणि त्या दिवसांतली तू तर नाहीच.

मी ए-लेव्हल्सला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला होते. स्ट्रोकनंतर बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा ज्यांच्या गप्पांमुळे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेहमी उशीर व्हायचा, ते बाबा खुर्चीत बसून नुसते बघत होते. सगळं कळत होतं, शब्द मात्र येत नव्हता. पहिल्याच रविवारी मंडळातले एक काका भेटायला आले आणि अगदी मायेने म्हणाले, "वहिनी, मोठा टीव्ही घ्या समोर लावायला. वेळ जाईल त्यांचा." तू मान डोलावलीस, त्यांना चहा दिलास, दारापर्यंत सोडायला गेलीस. दार लावलंस आणि मला म्हणालीस, "धर गं दुसरी बाजू." आपण दोघींनी तो जुना, बोजड टीव्ही उचलून वरच्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये नेला. जिन्याच्या वळणावर धापा टाकत तू थांबलीस. "वेळ घालवायला घरी नाही आणलं मी त्यांना," तू म्हणालीस.  आणि पुन्हा टीव्हीची कड उचललीस.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला अजून स्वच्छ दिसतात. तू दिवसभर हॉस्पिटलमध्ये भूल देण्याचं काम करून येतेस, कोटही न काढता मला हाक मारतेस, "शेगडी लाव गं." फायरप्लेसमधल्या त्या गॅस फायरला तू शेवटपर्यंत शेगडीच म्हणालीस. मी नॉब दाबून ती पेटवते. तू बाबांची खुर्ची एका बाजूला ओढतेस, आपली समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आणि मग बोलायला लागतेस. ऑपरेशन थिएटरमध्ये कोण सर्जन कसा चिडला, बसमध्ये कोण भेटलं. बाबा ऐकतात. स्पीच थेरपिस्टने दिलेले चित्रांचे कागद तू इमानदारीने करून घ्यायचीस, पण त्यात बाबांचा जीव रमत नाही हे तुला माझ्याआधी कळलं. इतक्या हुशार माणसाला सफरचंदाचं चित्र दाखवून नाव विचारलं की त्यांची नजर खाली जायची.

मग तू चुकीच्या गोष्टी सांगायला लागलीस. मला आधी वाटलं तू दमली आहेस. नागपूरची संत्री नाशिकची केलीस. बाबांनी इंजिनियर म्हणून इथल्या कौन्सिलसाठी बांधलेला पूल दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकलास. बाबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तोंड उघडायचं, आणि तू गप्प बसून वाट बघायचीस. शब्द नाही आला तरी दुसऱ्या दिवशी नवीन चूक तयार. एकदा मी मध्येच पडले. बाबा "पू... पू..." करत होते, मला ते बघवेना, मी म्हटलं, "पूल, बाबा, पूल म्हणायचंय ना?" तू माझ्याकडे वळून इतकंच म्हणालीस, "त्यांचं वाक्य आहे. त्यांनाच पूर्ण करू दे." आवाज चढला नव्हता. पण तेव्हापासून मी कुणाचंही वाक्य तोडताना आधी थबकते, ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा.

आणि ती संध्याकाळ. तू अगदी सहज म्हणालीस, "आपल्या लग्नात मुहूर्त टळता टळता राहिला, नाही का? तुमच्या घरचे उशिरा आले म्हणून." बाबा खुर्चीत ताठ झाले. चेहरा लाल झाला. डावा हात उगारून ते ओरडलेच, "नाही! मामा! तुझा मामा!" तुला मांडवात आणायचं सोडून पान खायला गेलेला तो तुझा मामा. तू म्हणालीस, "माझ्या मामाला काही बोलायचं नाही हं," आणि स्कार्फ तोंडावर धरून हसत होतीस की रडत होतीस, मला कळलं नाही. मी स्वयंपाकघरात पळाले आणि उगाचच चहा टाकला. बाबा पुन्हापुन्हा "मामा, मामा" म्हणत होते, एखाद्याला हरवलेली किल्ली सापडावी तसे.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग नकोच तिथे." पण टीव्ही लावणारा माणूस बोलावलेला होता, तो आला. त्याने भिंत ठोकून पाहिली, फायरकडे पाहिलं आणि म्हणाला, ही चालू ठेवली तर टीव्ही उष्णतेने जाईल. एक तर हिचं कनेक्शन कायमचं बंद करा, नाही तर दुसरी भिंत शोधा. "अप टू यू, लव्ह," तो इथल्या लोकांच्या सवयीने म्हणाला. मी म्हणणारच होते की राहू दे. तेवढ्यात पलंगावरून बाबा म्हणाले, "वर. तिथेच."

मी जवळ गेले. "बाबा, मग फायर कधीच लावता येणार नाही. आई तुमच्याबरोबर तिथे बसायची."

बाबांनी मान हलवली आणि शब्द शोधायला लागले. नवरा मदतीला म्हणून काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्या दंडाला धरलं. तो माणूसही ड्रिल खाली ठेवून थांबला, त्याला एक अक्षर कळत नसताना.  "तुझ्या आईने... मला... बोलतं केलं," बाबा म्हणाले. मग थांबले, माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता... सांगतोय... तर ऐक."

आम्ही ऐकलं. त्याच आठवड्यात गॅसवाला येऊन कनेक्शन बंद करून गेला आणि टीव्ही वर चढला. बाबा दिवसभर क्रिकेट बघतात आणि कॉमेंटेटरशी वाद घालतात. संध्याकाळी आपणच आवाज बंद करून मला विचारतात, "आज... काय झालं?" मी सांगते. कधीकधी मुद्दाम चुकीचं सांगते. तुझ्याइतकं सहज जमत नाही, ते लगेच पकडतात. पलंगाशी बसून बोलताना मला दर वेळी वाटतं, दिवसभर उभं राहून आल्यावर तुला रोज कुठून सुचत असेल इतकं.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही: टीव्ही थोडा जास्तच उंच लागलाय. पलंगावरून छान दिसतो, पण सोफ्यावरून बघताना माझी मान दुखते. अजून कुणाला बोलले नाहीये. तू असतीस तर मी न सांगताच विचारलं असतंस, मान का चोळतेस म्हणून.