माझ्या वाट्याच्या गोळ्या

पिंपळनेर, ९ जानेवारी १९९३

चि. अभिमन यास भागाक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता दर पत्राला नवा. मागे बोदवडला होतास, आता जळगावला पाइपांच्या गोदामात. हे पत्र पोचेतो तरी तिथे थांब रे बाबा. इकडे बठ्ठं ठीक शे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. विमलला परवा धुळ्याला नेऊन रक्त चढवून आणलं. तुझी भाची नऊ वर्षांची झाली, पण दिसते पहिलीतल्या पोरीएवढी. बाटली चढली की चार दिवस खेळते, मग पुन्हा पिवळी. डॉक्टरांनी थॅलेसेमिया म्हणून नाव सांगितलं, पुढेही बरंच बोलले म्हणे. तुझे दाजी मान हलवून आले आणि मला एवढंच म्हणाले, हिच्या अंगात रक्त टिकत नाही.

सासूबाई म्हणतात, पोरना आंगमा रगत नही, लोखंडनं पानी पाज. विळा लाल करून पाण्यात बुडवतात नि ते पाणी तिला देतात. आणि एक कळवायचं राहिलं, मला पाचवा महिना आहे. नर्सबाई रक्तवाढीच्या लाल गोळ्या देऊन जाते, त्या मी विमललाच देते. मी काय, उभी आहे अजून. विमल गोळी गंजक्या खिळ्यासारखी लागते म्हणते, मामाला सांगेन म्हणते. तर सांगितलं.

माया आटू देऊ नकोस.
तुझी भागाक्का

जळगाव, १७ जानेवारी

ती. भागाक्कास अभिमनचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं, मीही अजून इथेच आहे, म्हणजे दोन नवलं झाली. मध्ये ट्रकबरोबर रावेरला गेलो होतो, केळीला थेंब थेंब पाणी देणाऱ्या नळ्या टाकायला. काय केळीचे घड गं, पण ते असू दे. पत्र वाचत होतो तेव्हा शेजारी मालक पन्नालालशेठचा सुरेशचंद बसला होता. पुण्याला पेशींचं काहीतरी शिकतो, एरवी कॅरमला बसला की उठत नाही. गोळ्यांचं ऐकलं आणि सोंगट्या टाकून उठला. म्हणाला, आधी त्या बंद करायला लिही, बाकीचं मग. म्हणून आधी तेच लिहितो. विमलला ती लोखंडाची गोळी नको, विळ्याचं पाणीही नको. तिला रक्त कमी आहे, लोखंड कमी नाही.

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. अंगातली एकेक पेशी म्हणजे एकेक घर. घराला लोखंड आत घेणारी दारं असतात आणि ते साठवायच्या कोठ्या असतात. दोन्ही प्रथिनांची, आणि ती बनवायच्या चिठ्ठ्या घरात फिरत असतात. लोखंड कमी पडलं की एक राखणदार दोन्ही चिठ्ठ्या धरतो. कोठीची चिठ्ठी तोंडाशी धरतो, म्हणून ती वाचताच येत नाही. दाराची शेपटाशी धरतो, म्हणून ती फाटत नाही, दारं होत राहतात. लोखंड भरपूर झालं की ते त्याच राखणदाराच्या हातात जाऊन बसतं आणि त्याची पकड सुटते. मग कोठ्या होतात नि दाराच्या चिठ्ठ्या फाटतात.

मी म्हटलं, घर एवढं शहाणं आहे तर विमलला भीती कसली? तर म्हणाला, घर शहाणं आहे, पण गावाला वेस नाही. जादा लोखंड बाहेर टाकायची वाटच शरीराला नाही. चढवलेलं रक्त मोडतं, त्यातलं लोखंड आतच राहतं. कोठ्या भरल्या की ते काळजात नि यकृतात उतरतं. वर आपण गोळ्या देतोय. तुझं नेमकं उलटं, तुझ्या घरांची दारं उघडी नि कोठ्या रिकाम्या. तू खा त्या. धुळ्याला लोखंड काढायच्या इंजेक्शनचं विचारा. शनिवारी येतो, खरंच.

रागावलीस तरी धाकट्याला विसरू नकोस.
अभिमन

पिंपळनेर, २ फेब्रुवारी

चि. अभिमन यास आशीर्वाद.

तुझा शनिवार अजून उगवला नाही. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. सासूबाई दोन दिवस धुसफुसल्या, मग विळा आपणच माळ्यावर टाकून आल्या. विमलला तुझं घर फार आवडलं. माझी गोळी आता तीच तळहातावर ठेवते, गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघते. दारं बंद व्हायच्या आत खा म्हणते. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, हृदय सुजलंय. इंजेक्शन मुंबईहून यायचं आहे. जिना चढताना तिला धाप लागते. विचारत होती, माझा राखणदार कुठे गेला? तुला ठाऊक असेल तर कळव. नाहीतर तू ये, ती त्यावर भागवेल.

वाट बघते.
भागाक्का

पिंपळनेर, २६ फेब्रुवारी

चि. अभिमन यास आशीर्वाद.

विमल सोमवारी गेली. धुळ्याच्या वाटेवर, साक्रीच्या अलीकडे, माझ्या मांडीवर. तुझे दाजी पुढच्या सीटवर होते, त्यांना मी गाडी थांबेपर्यंत सांगितलं नाही. इंजेक्शन दुसऱ्या दिवशी आलं.

डॉक्टर म्हणाले, चढवलेल्या रक्ताचंच लोखंड फार होतं, तुमच्या गोळ्यांनी थोडीच भर पडली. किती थोडी, ते मी विचारलं नाही. येणाऱ्या बाळालाही हेच असू शकतं, जन्मल्यावर तपासू म्हणाले. सासूबाईंनी तो विळा माळ्यावरून काढून विहिरीत टाकला.

गोळी मी रोज घेते. गिळली की अजून तोंड उघडते. समोर कोणी नसतं.

आता शनिवार नको बघूस, कुठल्याही दिवशी ये.
भागाक्का