चार धड दात आणि एक सुळा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या बनवणे (आता बंद), आज सकाळी नाश्ता करून, म्हणजे जेवढा करता येतो तेवढा करून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि मला कोणी फूस लावलेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर दातांचे नाहीत; तसे मुद्दाम शोधून आणले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवल्यास ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, माझ्या स्वकष्टार्जित मालकीचं असून माझ्या पश्चात ते माझ्या पत्नीला मिळावं. बँकेतली शिल्लकही तिलाच. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमतो, कारण या घरात हाती घेतलेलं काम पुरं करणारी ती एकटीच आहे.

कलम २. माझ्या थोरल्या भावाला कवळी धुण्याच्या पावडरीची एक डबी द्यावी. मी बनवलेली कवळी तो एकोणीस वर्षं वापरतो आहे आणि ती परदेशातून मागवली असं चारचौघांत सांगतो. ती तो कधी धूत नाही. त्याच्यासमोर बसून जेवण्याचे प्रसंग माझ्यावर आले आहेत, त्याबद्दल अधिक लिहवत नाही.

कलम ३. मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, पॉलिशची मोटर आणि पितळी साचे, ही सगळी हत्यारं गल्लीच्या टोकाला कवळ्या बनवणाऱ्या बाईंना द्यावीत. वीस वर्षं मी त्यांना ‘नवशिक्या’ म्हणत आलो. त्यांचं काम माझ्यापेक्षा सरस आहे. हे मी असेपर्यंत त्यांना कळू नये.

कलम ४. तळमजल्यावरचा कारखाना, म्हणजे रस्त्याकडेची खोली. माझा मुलगा दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला तिथे दुसरी खुर्ची टाकायची आहे. त्याला ही खोली मिळू नये. ती विकून पैसे पत्नीने घ्यावेत. कारण पुढीलप्रमाणे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वरच्या जबड्यात काही दात पडलेले, काही किडलेले आणि समोरचे चार अगदी धड होते. मुलगा म्हणाला, इम्प्लांट करू. हाडात स्क्रू रोवू, त्यावर दात बसवू. स्क्रूवर माझा राग नाही. आमच्या शेजारचे चष्मेवाले जिन्यावरून पडले, त्यांचा एक दात गेला, त्यांनी त्या जागी एकच इम्प्लांट करून घेतला आणि आज ते सफरचंद चावून खातात. मीही हो म्हणालो. तोंड बधिर झालं, मी डोळे मिटले, आणि उठलो तेव्हा माझे समोरचे चार धड दात वाटीत पडलेले होते.

मी खुणेनेच विचारलं. मुलगा हातमोजे काढत म्हणाला, “बाबा, कॉम्प्युटरवर आखणी करताना माझी चूक झाली. ते चार ठेवायचे होते. पण सगळ्या दातांचा सलग पूल बनून आला होता. ते ठेवले असते तर तो बसलाच नसता.”

पुलासाठी दात काढले. बापाचे. आणि हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, हा निगरगट्टपणा मी विसरलेलो नाही.

आता सकाळी उठलो की तोंडात गंजक्या नळाच्या पाण्याची चव असते. पुलाखाली जीभ पोचत नाही, ब्रश पोचत नाही, अन्न तेवढं बरोबर पोचतं. हिरडी स्क्रूभोवती सुजते आणि दाबली की पू येतो. बारीक दोरा ओवून मी रोज जे बाहेर काढतो, त्याच्या वासाने दुपारपर्यंत घास उतरत नाही. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडातून निघालेल्या वस्तू मी या हातांनी धुतल्या, कधी नाक मुरडलं नाही. आता स्वतःच्याच तोंडाची शिसारी येते.

कलम ५. मुलाच्या दवाखान्यात माझ्या तोंडाचे दोन फोटो लावले आहेत, ‘आधी’ आणि ‘नंतर’. माझा प्राण गेल्यावर बाकी काही करण्याआधी ते उतरवावेत.

कलम ६. हे कलम माझ्या पश्चात पत्नीला सावकाश वाचून दाखवावं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. हलणारे दात काढायचे त्याच दिवशी कवळी बसवायची असेल, तर कारागीर आधी प्लास्टरच्या साच्यावरचे तेवढे दात करवतीने उडवतो आणि त्या मोकळ्या जागेवर कवळी बांधतो. दात आधी साच्यातून जातात, मग तोंडातून. बत्तीस वर्षांपूर्वी पत्नीचे वरचे पाच दात हलत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाच लिहिलं होतं. मी सहा उडवले. रेडिओवर सामना चालू होता आणि हात आपले चालत होते. सहावा डाव्या बाजूचा सुळा होता, चांगला पक्का.

चूक ध्यानात आली तेव्हा कवळी शिजून, घासून तयार होती. नवी करायला चार दिवस लागले असते आणि चूक कबूल करावी लागली असती. दवाखान्यात कवळीवर सहा दात पाहून डॉक्टरांनी विचारलं, “काय करायचं?” मी म्हणालो, “काढून टाका.” ती शेजारीच खुर्चीत तोंड उघडून बसली होती. तिला वाटलं, आम्ही औषधाचं बोलतोय.

घरी आल्यावर ती म्हणाली, “तो सुळा दुखत नव्हता हो.” मी म्हणालो, “डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.” तिच्यासमोर हे सांगण्याची माझी छाती नाही, म्हणून कागदावर सांगतो. मला माझी लाज वाटते. तरीही एक दात आणि चार दात यांत फरक आहे असं मी मानतो आणि कलम ४ कायम ठेवतो.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. साक्षीला बोलावलेले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “वहिनींना व्यवस्थापक नेमलंय ना, मग त्यांना एकदा वाचून दाखवा की.” नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी वाचलं. पत्नी भाजी निवडत होती. कलम ४ ऐकताना तिचे हात चालू होते, कलम ६ ला थांबले. मग ती म्हणाली, “त्याने निदान त्याच दिवशी तुमच्या तोंडावर सांगितलं. तुम्ही मेल्यावर सांगणार होतात.”

सबब कलम ४ मी रद्द करत आहे. त्यावर मारलेली आडवी रेघ माझीच आहे, खाडाखोड समजू नये. कारखानाही पत्नीच्या नावे. मुलाला द्यायचा की नाही, ते ती ठरवेल. माझं काय करायचं, ते तिने अजून सांगितलेलं नाही. भाजी तशीच टाकून ती आत गेली आहे.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार

सही
(लिहून ठेवणार)

साक्षीदार:
१. निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. शेजारचे चष्मेवाले (सही)

लिहून ठेवणाऱ्यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं, त्यांनी दोनदा वाजवलं. आम्ही निघेपर्यंत ते उघडलेलं नव्हतं.