एकशे सदतीस पुस्तकांचा मार्गदर्शक

१० नोव्हेंबर, सोमवार
आज शाळेत चार खोकी आली. पुण्याच्या एका संस्थेनं किशोरवयीन मुलांसाठी पुस्तकं पाठवलीत. कादंबऱ्या ८९, कॉमिक्स ४८, एकूण १३७. मीच मोजली. मी क्लार्क, त्यामुळे मोजायचं काम माझंच.

संस्थेची अट एकच. मुलांना पुस्तकं सुचवणारा एक माणूस शाळेत हवा आणि त्यानं ती स्वतः वाचलेली हवीत. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, कोण घेतंय. मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. बाकीचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. माझा हात वर गेला. (हात पंख्याच्या बटणाकडे चालला होता. पण संधी येते ती अशीच.)

संकल्प: रोज चार पुस्तकं. दोन पहाटे, दोन संध्याकाळी. चौतीस दिवसांत १३६. उरलेलं एक पस्तिसाव्या दिवशी, सावकाश, चवीनं. म्हणजे १५ डिसेंबरला भोर तालुक्यात किशोर साहित्यावर माझ्याइतका अधिकार कुणाचाच नसेल.

मुलं मला भाऊसाहेब म्हणतात. मार्गदर्शकाला सर म्हणावं, अशी सूचना फळ्यावर लिहिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ७.५०
पाचचा अलार्म वाजला. मी ऐकला. म्हणजे जाग आली होती, याची नोंद करून ठेवतो. पण चष्मा शाळेत राहिलेला. बिनचष्म्याचं वाचणं डोळ्यांना घातक. उद्या आठ वाचली की हिशेब बरोबर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बॅकलॉग १६.

कारण माझं नाही. ऑनलाइन माहिती भरायची होती आणि साइट बंद होती. साइट बंद असताना वाचता आलं असतं, असं कुणी म्हणेल. पण ती कुठल्याही क्षणी सुरू होते, म्हणून समोर बसून राहावं लागतं.

आज मात्र पद्धत सापडली. पुस्तक म्हणजे मुखपृष्ठ, मागचा मजकूर आणि पहिलं पान. मधला भाग लेखकाच्या समाधानासाठी असतो. या पद्धतीनं मधल्या सुट्टीत बावीस झाली आणि डबाही खाऊन झाला.

प्रत्येक पुस्तकात शिफारशीची चिठ्ठी घालायला सुरुवात केली. 'वाचनीय व मननीय. अवश्य वाचा. – धनाजी सर.' प्रत्येक वेळी लिहायला नको म्हणून शिक्का करायला टाकला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
धक्कादायक प्रकार. बारा कॉमिक्सची बांधणी उलटी. सुरुवात शेवटी आणि शेवट सुरुवातीला. संस्थेला कडक पत्र पाठवलं. ग्रामीण विद्यार्थ्यांच्या माथी सदोष माल मारू नये, असं एक वाक्य चांगलं साधलं. स्पीड पोस्टानं रवाना.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आठवीतली शेफाली 'सदोष'पैकी दुसरा भाग मागायला आली. पहिला तिनं कधी नेला ते कळलं नाही. मी म्हटलं, ती पुस्तकं परत जायची आहेत, उलटी बांधलीत. ती म्हणाली, ही जपानी पद्धतीची आहेत, उजवीकडून वाचायची. मागच्या पानावर तसं लिहिलंय. बाण पण काढलाय.

मी म्हटलं, तुला माहीत आहे का ते बघत होतो.

स्पीड पोस्ट परत बोलावता येतं का, याची पोस्टात चौकशी केली. येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पाच पुस्तकं घरी आणली. घरचं वातावरण वाचनाला पोषक हवं. त्यातलं 'घोरणारं घर' नूतननं, म्हणजे आमच्या मिसेसनं, उचललं. मुखपृष्ठावर तोंड वासून झोपलेलं घर. ती एका हातानं वाचत होती, दुसऱ्या हातानं लसूण सोलत होती. मी विचारलं, कसं आहे. म्हणाली, मजेशीर आहे, अख्खं कुटुंबच घोरतं.

एवढं मला पुरे. चिठ्ठी या वेळी खास लिहिली. 'निखळ विनोदी. घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं असं.' स्वतः वाचलेलं नसताना इतकं नेमकं लिहिता येणं ही देणगीच. नूतननं दोन दिवस मागितले, वाचून परत दिलं. तिनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चिठ्ठी आधीच तयार होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार
नववीतली प्रगती आली. हिर्डोशीच्या वरच्या वस्तीवरची. घरी शेळ्या आणि चार गुरं. एरवी ही मुलगी हजेरीलासुद्धा हळू आवाजात ओ देते. आज म्हणाली, आई लई गप असती, तिला वाचून दाखवाया कायतरी हसायचं द्या.

एका सेकंदात 'घोरणारं घर' काढून दिलं. आई गप्प का असते, ते विचारलं नाही. मार्गदर्शकानं उत्तरं द्यायची असतात.

ती चिठ्ठी दोनदा वाचून गेली. तालुक्यात वाचनसंस्कृती अशी रुजते.

२९ नोव्हेंबर, शनिवार
'आदर्श शिक्षकेतर कर्मचारी' पुरस्काराचा अर्ज आलाय. त्यात 'या वर्षी वाचलेली पुस्तके' असा रकाना. १३७ लिहिलं. १५ डिसेंबरपर्यंत होतीलच, आणि अर्जाची मुदत ३१ आहे. खोटं काही नाही, थोडं आधी आहे इतकंच.

प्रगतीनं पुस्तक परत आणलं. टेबलावर ठेवलं आणि निघाली. विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, बरं हाय. माझ्याकडे बघितलं नाही. रजिस्टरात लिहिलं: 'वाचकाची प्रतिक्रिया समाधानकारक.'

२ डिसेंबर, मंगळवार
प्रगतीचे वडील हैबती शाळेत आले. डोक्याला मुंडासं, पायांवर धूळ. पहिल्या एसटीनं आले असणार. खुर्ची दिली तर बसले नाहीत. मला वाटलं, दाखल्याचं काम असेल.

म्हणाले, "ते घोरायचं पुस्तक तुमीच दिलं व्हतं न्हवं?"

मी म्हटलं, हो, मीच. आभार मानायला आले असतील म्हणून चष्मा पुसला.

"पोरगी दोन दिस वाचत व्हती. आमी लई हसलो. मंग त्यातलं धाकटं पोरगं वारलं. तितंच पोरीनं पुस्तक मिटलं. आता वाचंना झालीया. आन तिची आई रोज इचारती, त्या माऊलीचं पुढं काय झालं. दीड वर्सात पारूबाईनं पयल्यांदा कायतरी इचारलंय. म्हून आलो. तुमी वाचलंय, तुमीच सांगा."

पुस्तक माझ्यामागच्या कपाटात होतं. मी म्हटलं, काळजी करू नका. पोरगा परत येतो.

"मेल्यालं पोरगं?"

मी म्हटलं, मेलेला नसतोच. डॉक्टरांचा गैरसमज झालेला असतो. सगळं गोड होतं.

हैबतींनी बराच वेळ टेबलावरच्या पंचिंग मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. सांगतो तिला." आणि गेले.

प्रसंगावधान हा माझा जुना गुण आहे.

२ डिसेंबर, संध्याकाळ
जेवताना नूतनला हा प्रसंग रंगवून सांगितला. तिनं भाकरी तव्यावरच ठेवली. म्हणाली, तो परत येत नाही. तो मेलेलाच असतो. मी म्हटलं, तू तर मजेशीर म्हणाली होतीस. ती म्हणाली, तेव्हा मी विसाव्या पानावर होते. पुढं तुम्ही विचारलंच नाही.

मग तिनं विचारलं, ती बाई दीड वर्ष गप्प का आहे.

मी म्हटलं, मला काय माहीत.

भाकरी करपली. ती कुणीच उतरवली नाही.

३ डिसेंबर, बुधवार
मला माहीत होतं.

आज जनरल रजिस्टर काढलं. भैरवनाथ हैबती, इयत्ता सहावी. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये नाव कमी केलंय. कारणाच्या रकान्यात 'मयत', लाल शाईत. अक्षर माझं. हस्ताक्षराबद्दल माझं दरवर्षी कौतुक होतं.

प्रगतीचा भाऊ. तापानं गेला. दाखला न्यायला हैबतीच आले होते. तेव्हाही खुर्चीवर बसले नव्हते, हे आता आठवतं.

५ डिसेंबर, शुक्रवार
'घोरणारं घर' वाचलं. शहाण्णव पानं, तीन दिवस लागले. रोज चारचा माझा वेग.

पहिली पन्नास पानं खरंच हसवतात. प्रत्येकाच्या घोरण्याचा आवाज वेगळा, आणि धाकट्याचा शिट्टीसारखा. एक्कावन्नाव्या पानावर तो आजारी पडतो. बावन्नला तो जातो. पुढं त्या घरात कुणीच घोरत नाही, कारण कुणी झोपतच नाही. आई एक शब्द बोलत नाही.

त्रेपन्नाव्या पानाचा कोपरा दुमडून परत सरळ केलेला आहे.

७ डिसेंबर, रविवार
हिर्डोशीला गेलो. एसटीत मनातल्या मनात भाषण तयार केलं. 'आवृत्ती बदलल्यामुळे झालेला घोटाळा' अशी एक सुरुवात सुचली होती. उतरून वस्तीपर्यंत तासाभराची चढण. पहिल्या वळणालाच भाषण विसरलो, कारण दम लागला.

हैबती शेळ्या घेऊन गेलेले. पारूबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. प्रगती मला बघून आत गेली. मी उभ्यानंच सांगितलं, मी परवा खोटं बोललो, पुस्तक वाचलेलं नव्हतं.

पारूबाई पाखडतच राहिल्या. म्हणाल्या, "मालक येऊन म्हनलं, पोरगं माघारी आलं. तवाच कळलं, सायबानं वाचल्यालं न्हाई."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "आता वाचलंय?"

म्हटलं, हो.

"मंग वाचा."

पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्रेपन्नाव्या पानापासून सुरू केलं. मला मोठ्यानं फक्त परिपत्रकं वाचायची सवय. दोन पानं झाल्यावर प्रगती दारात आली आणि म्हणाली, भाऊसाहेब, जरा हळू, आईला कळंना. हळू वाचायला लागलो. पण हळू वाचलं की वाक्यं जास्त लागतात. सत्तराव्या पानावर त्या पोराचं अंथरूण घडी करून ठेवतात. तिथं माझा आवाज बसला. खोकून बघितलं. चढणीमुळे असेल, असं म्हणालो.

प्रगतीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. शेजारी बसली आणि शेवटपर्यंत वाचलं. एकदाही अडखळली नाही.

शेवटी आठ महिन्यांनी एका दुपारी त्या आईला बसल्या जागी डुलकी लागते, आणि ती अगदी बारीक घोरते. घरातले सगळे हलायचे थांबतात, तिची झोप मोडू नये म्हणून. तिथं पुस्तक संपतं.

मग पारूबाई म्हणाल्या, "आठ म्हैन्यात झोपली व्हय." सूप बाजूला ठेवलं. "लवकर झोपली."

मला चहा दिला. मी निघताना त्या प्रगतीला म्हणाल्या, ते पुस्तक ऱ्हाऊ दे अजून आठ दिस. परत पयल्यापासनं वाच. सुरवातीचं हसायचं हाय.

परतीची एसटी चुकली. दोन तास फाट्यावर बसलो. बरोबर वाचायला काहीच नव्हतं.

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी कपाट उघडून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. एकशे छत्तीस. शिक्का ड्रॉवरच्या तळाशी टाकला. फळ्यावरची सूचना केव्हाच कुणीतरी पुसली होती.

पुरस्काराच्या अर्जात दुरुस्ती केली. १३७ मधले ३ आणि ७ खोडले. १ आधीच होता.

'घोरणारं घर'साठी नवी चिठ्ठी लिहायला बसलो. तासभर काहीच सुचलं नाही. मधल्या सुट्टीत प्रगतीला विचारलं, तू लिहितेस का. तिनं उभ्यानंच लिहिलं: 'आधी सांगते, यात भाऊ मरतो. आधी हसायला येतं. घरात कुणी गप बसत असेल तर त्याच्याजवळ बसून वाचा.' खाली नाव नाही घातलं.

सुट्टी संपेपर्यंत कपाटापाशी सात मुली आणि चार मुलं. सगळी तिलाच विचारत होती, मी काय नेऊ. ती प्रत्येकाला आधी विचारायची, तुला काय आवडतं. ते ऐकून मग एखादं पुस्तक काढायची, नाहीतर सांगायची, तुझ्याजोगतं अजून सापडलं न्हाई. मी बाजूला रजिस्टर घेऊन उभा. पुस्तक क्रमांक, नाव, तारीख.

गर्दी ओसरल्यावर मीही एक कॉमिक उचललं. पातळ होतं, मुखपृष्ठावर छत्री घेतलेली म्हैस. तिला दाखवून सहज विचारलं, हे कसं आहे.

म्हणाली, "ते म्या अजून वाचलं न्हाई, भाऊसाहेब."

आणि मागं उभ्या असलेल्या सातवीतल्या सोनियाकडे वळली. मी त्या कॉमिकपुढं माझं नाव लिहिलं, तारीख घातली, आणि बाजूला झालो.