शिक्का शारीकचा आहे

मी, अमिरुन्निसा, मरहूम सिराजुद्दीन परकार यांची बायको, मूळ गाव श्रीवर्धन, राहणार अल मलाझ, रियाध, इस्पितळात आया. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. सायरन वाजतात, सगळ्यांना विषारी गॅससाठी मास्क वाटलेत, म्हणून हे लिहून ठेवते. भीतीपोटी नव्हे. हे गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही.

१. श्रीवर्धनचं घर माझ्या पगारातून झालं. त्याचे वाटे शरियतप्रमाणे व्हावेत. शरियतीत माझ्या मर्जीने देता येतो तो तिसरा हिस्सा जेद्द्याची माझी बहीण सफूरा हिला.

२. शिवणाचं मशीनही सफूराला. त्याला तेल लागतं. मोठी कात्री यांची आहे, तिने कागद कापू नये.

३. मुलगा शारीक, याला बारावं वर्ष चालू आहे. लढाई लागली तेव्हा त्याला सफूराकडे पाठवलं. इस्पितळाने रजा बंद केल्या, म्हणून मी इथे. माझ्या मागे त्याने तिच्याकडेच राहावं, चाचा जमालुद्दीनकडे नव्हे.

कारण सांगते. मी दुसरीपर्यंत शिकले, पुढचं वाचन माझं मीच. आमच्या वॉर्डातली कोरियन नर्स मायदेशी जाताना तिच्या देशाच्या इतिहासाचं इंग्रजी पुस्तक ठेवून गेली. डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यात दानजोंग नावाचा राजा आहे. बाप गेला, बाराव्या वर्षी गादीवर बसला. बापाने मरताना मुलाला म्हाताऱ्या मंत्र्यांच्या हवाली केलं होतं. चुलता सुयांग याने मंत्री मारले. मग मुलाने राज्याचा शिक्का चुलत्याला दिला, वरून पाहता राजीखुशीने. त्याला डोंगरात धाडलं, सतराव्या वर्षी तो मेला. त्याची विधवा ऐंशीच्या वर जगली. कापड रंगवून पोट भरायची म्हणतात.

४. दुकानाचा शिक्का. यांचं शिंप्याचं दुकान कफीलच्या, म्हणजे आमच्या इथल्या अरबी जामीनदाराच्या नावावर, पण ज्याच्या हातात शिक्का त्यालाच कफील मालक मानतो. यांनी शेवटच्या आजारात तो शारीकला दिला होता. मौतीनंतर मी इद्दतमध्ये, विधवेने चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून आतल्या खोलीत. बाहेर जमाल म्हणाला, "दे रे इकडे. खेळणं आहे का ते?"

"ओके, चाचा," शारीक म्हणाला.

पडद्याआडून एवढंच ऐकलं. उठून जाता येत नव्हतं.

जमाल वाईट नाही. दुकान त्याने बुडू दिलं नाही, ईदला शारीकला कपडे शिवतो. पण सुयांगनेही राज्य चांगलं चालवलं, असं पुस्तक म्हणतं.

जमालने दुकान चालवावं, पगार घ्यावा. शिक्का सफूराकडे राहील. शारीक अठराचा झाला की त्याचा त्याला.

५. पुस्तक शारीकला. आज मराठी वाचत नाही, इंग्रजी तरी वाचेल.

हे सगळं आज जुम्म्याच्या नमाजानंतर जमालला वाचून दाखवलं. तो मग म्हणाला, "भाबी, मला राजा केलंत की हो."

"राजा नाही. साक्षीदार. सही कर."

त्याने केली. वर म्हणाला, "या मुलखात शिक्क्याशिवाय कागद कोण बघतो?" आणि खिशातून शिक्का काढला. मी मागून घेतला, माझ्या हाताने खाली उठवला. त्याने परत घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," मी म्हटलं.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने चहा घेतला.

साक्षीदार : जमालुद्दीन परकार (सही)
साक्षीदार : सिस्टर कौमुदी, इस्पितळातली (सही)

लिहून देणार : अमिरुन्निसा (सही)
अल मलाझ, रियाध. शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९९१

शिक्का मशीनच्या खणात, रिळांखाली आहे. सफूरा, तिथे बघ.