माझ्या जागी ओडेसा

२३ जानेवारी, गुरुवार

ओडेसाला घरी पाठवलं! दहाला मेल आला, सव्वादहाला ब्रेंडा — आमची साहेबीण — ओडेसाच्या टेबलापाशी हजर. "सक्तीची रजा. ओळखपत्र दे." कारण काय, तर सहा वर्षांपूर्वी केलेलं विविधता प्रशिक्षण — ऑफिसात वर्णभेद करू नका, हे शिकवणारं! तेव्हा सरकारच कर म्हणत होतं. आता नव्या राष्ट्राध्यक्षांनी ते बंद केलंय, आणि ज्यांनी केलं त्यांची यादी निघालीय. बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून पेन्शनच्या फायली उपसल्या तिनं. जाताना मलाच म्हणते, "महिनाअखेरच्या जेवणाला मक्याचा पाव मिळायचा नाही हं, लेन. तुमचे हाल आहेत!"



२४ जानेवारी

लिहूनच टाकतो. त्या प्रशिक्षणाला प्रत्येक विभागातून एकानं जायचं होतं, आडनावांच्या क्रमानं. नंबर माझा होता. मी तिला गळ घातली — तू जा ना, मला ती प्रवचनं सोसत नाहीत. हसली. "म्हणजे गोऱ्यांनी नीट वागावं म्हणून काळ्या बाईनं शिकायचं? धन्य आहेस!" पण गेली. आल्यावर म्हणाली, "दोन दिवसांत माणसं सुधारली असती तर आमचे पाद्रीबाबा उपाशी मेले असते."

मी त्या प्रशिक्षणांच्या विरोधात होतो. अजूनही आहे. हुकूम काढून कुणाचं मन बदलत नाही. पण म्हणून हे असं?

२७ जानेवारी

आणखी एक मेल. कुणी छुपेपणानं असलं विविधतेचं काम करत असेल तर दहा दिवसांत कळवा. कॉफीच्या मशीनपाशी कुणी कुणाशी बोलेना.

३१ जानेवारी

महिनाअखेरचं जेवण. जो तो घरून काहीतरी घेऊन आलेला. ओडेसाचं नावही कुणी काढलं नाही. पलीकडच्या टेबलावरचा डग म्हणाला, "आज बसायला ऐसपैस जागा आहे!" उठून मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही. खाली मान घालून जेवलो.

५ फेब्रुवारी

तिनं अपील केलंय. युनियनच्या वकीलबाईचा फोन — "ती बदली म्हणून गेली होती असं कानावर आलंय. कुणाच्या? त्यानं लिहून दिलं तर तिची नोकरी वाचेल." म्हटलं, माझ्या. देतो लिहून. नक्की देतो!

१२ फेब्रुवारी

लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. मला निवृत्तीला सात महिने उरलेत. बायकोचे, मार्थाचे उपचार माझ्या सरकारी विम्यावर; माझं नाव यादीत गेलं तर तोही जाईल. आणि ब्रेंडा येता-जाता सांगते, "यादी वाढतेय हं." भेकड आहेस लेनर्ड, शुद्ध भेकड.

१३ फेब्रुवारी

उद्या.

१९ फेब्रुवारी

गेलो एकदाचा. वकीलबाईनं कागद वाचला आणि माझ्या हातात परत दिला. ओडेसानं कालच जबाब लिहून दिलाय — "मी आपणहून गेले. मला कुणीही पाठवलं नव्हतं."

"आता तुमचा कागद जोडला," बाई म्हणाल्या, "तर ती खोटी ठरेल."