बाप्तिस्म्याचा बारोंग

प्रिय लुदी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. हेही बहुधा कपाटातच राहील.

तुझ्या एल्मोच्या बाप्तिस्म्याला तू ह्यांना धर्मपिता व्हायला बोलावलं होतंस. त्या वर्षी हे टीव्हीवरच्या मालिकेत सुनेला छळणारे सासरे होते. घरी सुनेची वाक्यं वाचून मी ह्यांचं पाठांतर घ्यायची; नीट वाचायला मी त्यातूनच शिकले. दरडावायची वाक्यं हे कुजबुजत म्हणायचे, शेजारी घाबरतील म्हणून. पण मालाबोनच्या बाजारात सुकी मासळी विकणारी नेना सगळ्यांदेखत ओरडली, "काय गं रेमी, तुला कुठल्या हाताने मारतो? आणि तोच हात बाळाच्या डोक्यावर ठेवणार होय?" बायका खदखदून हसल्या.

मला लाज वाटली. तुला मी सांगितलं, त्या दिवशी ह्यांचं शूटिंग आहे. ह्यांना सांगितलं, लुदीने दुसरा धर्मपिता शोधला. हे एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. लेकराला चांगला माणूस हवा." आणि बाप्तिस्म्यासाठी शिवलेला पांढरा बारोंग, तो समारंभात घालायचा तलम सदरा, घडी करून ठेवून दिला.

एकोणीस वर्षं तू ह्यांना गर्विष्ठ समजलीस. मी दोघांनाही खरं सांगितलं नाही.

गेल्या मे महिन्यात ह्यांच्या शवपेटीशी उभी राहून तू म्हणालीस, "ताई, भाऊजींचा बारोंग किती सुरेख आहे! कधी घातलेला पाहिला नाही."

मी म्हणाले, "कॉफी घे, निवेल."

तुझी ताई,
रेमेदियोस